शाळेतला माग

दुसऱ्याला धक्के देण्यासाठीच देवाने घडवलेला असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या शाळेच्या पाठीमागे राहायला यावा, हे माझं नशीब! निजामाच्या मुलखातून बायकापोरांसह सोलापुरात आलेले हे एक तेलुगू विणकर. गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. रस्त्यात कुणीही भेटो, मामा नमस्काराआधी त्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून सूत पाहत. एका बड्या वकिलांचं उपरणं भर चौकात ओढून "हे टिकत न्हाय" म्हणाले, तेव्हा मी ओळख न दाखवता सटकलो.

मी मास्तर असलेल्या पहिलीच्या वर्गात निम्मी नावं विणकरांच्या पोरांची, पण ती येतील तर शपथ! घरोघर कांड्या भरायला, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळायला, पोरंच लागत. सोमवारी इन्स्पेक्टर येणार, वर्ग ओस दिसला तर बंद करणार, हे मी मामांपुढे अगदी रडून सांगितलं. त्यांनी शाळेची किल्ली मागितली. जमीन सारवून देणार असतील, म्हणून मी बापडा दिली. सोमवारी वर्गात पाऊल टाकलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. जमिनीत गुडघाभर खड्डा, त्यात पाय सोडून बसलेले मामा, पुढ्यात माग, आणि भोवती कांड्या भरणारी झाडून सगळी पोरं!

"अहो मामा, ही सरकारी शाळा आहे!"

"व्हय की. काम हितं आलं, पोरं हितं आली."

मी कपाळाला हात लावतोय तोच इन्स्पेक्टरसाहेब दारात. मामांनी त्यांच्याही कोटाची बाही धरली. मी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चिडून एका पोरीला अंक विचारले. फळ्यापुढे मुकी होणारी ती पोर मागावरचे धागे बोटाने सारत वीसपर्यंत मोजत गेली, आधी तेलुगूत, मग मराठीत. तिच्या मागोमाग गल्लीतल्या भटजींचा नातूही "वकटी, रेंडू, मूडू" ओरडू लागला. हा कधी शिकला, देव जाणे! साहेब आणि मी, दोघांचीही बोटं तोंडात.

शेरा मिळाला: वर्ग चालू ठेवावा, पण हजेरी घसरल्यास बंद करावा, खड्डा आजच बुजवावा. मामांनी निमूट माग उचलला, माती भरली. मी मात्र हबकलो. माग गेला, आता पोरंही जाणार!

पण दुसऱ्या दिवशी पोरं आली. तिसऱ्याही दिवशी आली. हा काय प्रकार, म्हणून मधल्या सुट्टीत मामांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. ज्यांच्या लुगड्याला पेठेत तोड नव्हती, ते मामा माग बंद ठेवून चरख्याशी कांड्या भरत बसले होते. शेजारी गल्लीतल्या घराघरांतून आलेल्या सुताच्या टोपल्या.

"मामा, आणि तुमचं लुगडं?"

"लुगडं थांबतंय, मास्तर. पोरगं थांबत न्हाय."

या माणसाला मी भर चौकात ओळख दाखवली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याजवळ बसलो आणि एक कांडी भरली. मामांनी ती पाहिली, सगळी उलगडून पुन्हा नीट भरली, आणि दुसरी रिकामी नळी माझ्या हातात दिली.