आत्याने न पुसलेली ओळ

औषधं पुरवणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला आत्याच म्हणत, कारण विभागाचा साहेब तिचा सख्खा भाचा होता. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून ‘आत्या’ निसटलं ते कायमचं चिकटलं. कामाचं बिनसलं की मात्र तो तिला ‘तुम्ही’ म्हणे.

दवाखान्यांच्या ऑर्डरी गोदामापर्यंत पोचवणारा जुना क्लाउड प्लॅटफॉर्म बंद होणार होता. त्यातल्या प्रत्येक कंपोनंटची, म्हणजे ऑर्डर पुढे धाडणाऱ्या एकेका छोट्या प्रोग्रॅमची माहिती (नाव, जबाबदार माणूस, शेवटचा बदल) एक्स्पोर्ट करून नीट लावायची आणि कामाचे तेवढेच कंपोनंट नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचे, हे आत्याचं काम. उतरवून बघते तर सगळा सावळागोंधळ! एकाचं नाव ‘फायनल’, दुसऱ्याचं ‘फायनल नवीन’, तिसऱ्याचं ‘हेच वापरा’. कोणता चालू आणि कोणता बंद, याचा पत्ताच नाही.

“तुम्ही तारखेने लावा,” भाचा म्हणाला. “ज्याला वर्षानुवर्षं हात लागला नाही ते मेलेलं. उडवा.”

“मेलेलं कशावरून? धड चालतंय म्हणूनही कुणी हात लावला नसेल.”

“आत्या, वेळ कुठे आहे?”

“तुझ्या बापाचंही हेच पालुपद. मला उद्यापर्यंत दे.”

असं अडून बसायला छाती लागते. उशीर झाला असता तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं. तिने तारखा बाजूला ठेवल्या, कोणता कंपोनंट कुणासाठी आहे तशी सगळी यादी लावली आणि एकेका दवाखान्यात फोन सुरू केले. बहुतेकांनी “ते कधीच बंद केलं बाई,” म्हणून सांगितलं. त्या ओळी तिने खुशाल पुसल्या.

‘चाचणी जुनी’ नावाच्या कंपोनंटचा फोन एका डायलिसिस केंद्रात लागला. नर्स म्हणाली, “सामान ना? येतं की वेळेवर. आम्ही पेशंटची नोंद केली की आपोआप येतं. वेगळं मागवावं लागतं का?”

शेजारी उभा असलेला भाचा फोनवरचं सगळं ऐकत होता. “मी हे उडवायला सांगत होतो गं.”

“नाही उडवलं ना? मग झालं तर,” आत्या म्हणाली.

त्या ओळीत ‘जबाबदार’ म्हणून कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव होतं. बिघाड झाला की त्या रकान्यातल्या माणसाला अंथरुणातून उठवत, म्हणून तिथे नाव लावायचं म्हटलं की सगळे काखा वर करत.

आत्याने कुणाला विचारलं नाही. जुनं नाव काढलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.