आबांच्या बैलाचा प्रश्न

तीन वर्षं बाहेरगावी राहून मी ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन धुळ्याला परत आले, तेव्हा मी नक्की काय शिकून आले हे देवपुरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येईना. माझ्या वडिलांनाही नाही. पप्पा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पांझरेच्या पुलापर्यंत फिरायला जायचे आणि येताना चहाच्या टपरीवर थांबायचे. तिथे त्यांना कुणीतरी विचारलं, "पोरगी काय शिकली म्हणालात?"

"ईश्वरविज्ञान."

"विज्ञान ना? मग चांगलंय. एका शाळेत लॅब असिस्टंटची जागा निघालीय, अर्ज करा म्हणावं."

पप्पांनी घरी येऊन हे सांगितलं आणि स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण बेटा, मलाही एकदा नीट सांग. चर्चला तर आपण जातोच. प्रार्थना येते, गीतं पाठ आहेत. मग हे शिकून वेगळं काय होतं?"

मी सांगितलं. चांगलं अर्धा तास सांगितलं. देव कोण, त्याने जग कशासाठी केलं, पाप म्हणजे काय, तारण म्हणजे काय, ख्रिस्त देव आणि माणूस दोन्ही कसा; आपण जे मानतो ते का मानतो, याचा शिस्तीने केलेला विचार म्हणजे ईश्वरविज्ञान. पप्पा मान हलवत राहिले. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की ते दवाखान्यात अशीच मान हलवायचे, हे मम्मीने मला नंतर सांगितलं.

जून लागला तशी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी मला एक काम दिलं. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात दहा-बारा ख्रिस्ती घरं होती. तिथे तीन महिने राहायचं आणि रविवारी दुपारी बायकांचा वर्ग घ्यायचा. मला आनंद झाला. वह्या, रंगीत खडू आणि गुंडाळी फळा घेऊन मी अमळनेरमार्गे एसटीने चोपड्याला पोचले, तिथून पुढे रिक्षाने.

माझी राहायची सोय एका विधवा बाईंकडे केली होती. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. अक्कांचं घर म्हणजे एक खोली, पुढे पडवी आणि पडवीत चार शेळ्या. गावातली माणसं पावसाच्या भरवशावर ज्वारी-मका करत, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचत, आणि बाकी दिवस खालच्या केळीच्या बागांत घड वाहायला जात. आपसात ती त्यांची बोली बोलत. माझ्याशी मात्र खानदेशीत, आणि मला ती येत असल्याचं कळल्यावर अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चला, निदान बोलता तं येस."

पहिल्या रविवारचा वर्ग मी त्रैक्यावर घेतला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन तरीही एकच देव. फळ्यावर लाल खडूने छान त्रिकोण काढला, कोपऱ्यांत नावं लिहिली. पंधरा बायका आणि दाराशी उंबऱ्यावर बसलेले एक म्हातारे आबा, सगळे शांतपणे ऐकत होते. बायकांचा वर्ग होता, पण आबांना दोन तास एकटं बसवत नाही म्हणून ते येतात, असं अक्कांनी सांगून ठेवलं होतं. मी शेवटी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मग उंबऱ्यावरून आवाज आला.

"ताई, मना बैल मरी गया. तो देवकडे गया का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक तर हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली. आबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

मला उत्तर माहीत होतं, म्हणजे असं मला वाटलं. तोंडी परीक्षा असल्यासारखी मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, पशू तसे नाहीत, म्हणून माणसाच्या आत्म्याबद्दल आपण जे म्हणतो ते पशूंबद्दल म्हणता येत नाही. आबांनी सगळं ऐकलं. "बरं," म्हणाले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी उंबरा रिकामा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही.

"आबा रुसी गया," अक्का शेळ्यांना पाला टाकत म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, मी काही चुकीचं सांगितलं नाही हो. अक्कांनी शेळीचं तोंड माझ्या वहीपासून बाजूला सारलं.

गावात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. तिथे जाऊन मी आमच्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. त्यांनीच आम्हाला तीन वर्षं हा विषय शिकवला होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"परीक्षेत पैकीच्या पैकी दिले असते," सर म्हणाले. "बैल कसा होता?"

"म्हणजे?"

"रंगाने कसा, स्वभावाने कसा. किती वर्षं होता त्यांच्याकडे?"

मला काहीच माहीत नव्हतं. सर हसले, पण प्रेमाने. म्हणाले, "अगं, माणसं देवाबद्दल विचारतात तेव्हा त्यांना आधी स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं. ते ऐकून घेतल्याशिवाय आपलं शास्त्र कुठे लावायचं तेच कळत नाही. जा, भेटून ये."

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या शेतावर गेले. शेत म्हणजे टेकडीच्या उतारावरचा दगडगोट्यांचा तुकडा. एक स्वतःचा बैल आणि एक पुतण्याचा मागून आणलेला, अशी जोडी लावून आबा वखर चालवत होते. दोन्ही बैलांची चाल वेगळी, त्यामुळे वखर सारखा एका अंगाला ओढला जात होता. मला पाहून आबांनी बैल थांबवले. मी सरळच म्हणाले, "आबा, मला तुमच्या बैलाचं सांगा."

आबांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग बांधावर बसले आणि सांगू लागले, ते ऊन डोक्यावर येईपर्यंत.

बैल तांबडा होता, एक शिंग वाकडं. अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. त्याला दुपार कळायची. भाकरीची वेळ झाली की नांगराच्या तासाच्या टोकाला आपणच उभा राहायचा, मग कितीही हाका मारा. आबांची बायको आजारी पडली तेव्हा नाल्याला पाणी होतं, रिक्षावाला यायला तयार नव्हता. त्याच बैलाने गाडी नाल्यातून ओढून रस्त्याला लावली होती. बायको त्या दुखण्यातून वाचली, पुढे सहा वर्षं जगली. "तो बठ्ठं समजे," आबा म्हणाले; सगळं कळायचं त्याला.

मी म्हटलं, "मग तो गेल्यावर तुम्हाला फार वाईट वाटलं असेल."

आबा ढेकूळ हातात घेऊन फोडत बसले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "आखरीना वरीसले त्याना पाय उठे नही. मी त्याले बहू मारं, ताई."

आणि थोड्या वेळाने: "देव माले इचारी का?"

हा खरा प्रश्न होता. बैल स्वर्गात असेल, तर तिथे देवासमोर तो आबांविरुद्ध उभा राहील, आणि देव विचारेल की इतकी वर्षं ज्याने तुझं ओढलं त्याला तू का मारलंस. इतके दिवस म्हातारा माणूस हे मनात घेऊन हिंडत होता. आणि मी त्याला प्रतिरूपाचा सिद्धांत ऐकवला होता.

मला भरून आलं, पण रडत बसले असते तर आबांना आणखी ओशाळं झालं असतं. मी म्हटलं, "आबा, बैलाचं पुढे काय होतं ते मला खरंच माहीत नाही. शिकलेल्या माणसांनाही नक्की माहीत नाही. पण एक सांगते. देवाने बैल केला तेव्हा त्याला तो आवडला होता. आवडून केलेलं तो विसरत असेल असं मला वाटत नाही. आणि तुम्ही मारलंत ते चुकलंच. त्याला चूकच म्हणायचं. पण चूक कबूल केली की देव माफ करतो, हे मात्र मला माहीत आहे. आपला सगळा विश्वास त्याच्यावरच उभा आहे."

"बैलाले मारं त्यानीबी माफी?"

"त्याचीही."

आम्ही तिथेच बांधावर प्रार्थना केली. मी दोनच वाक्यं बोलले, बाकी आबा त्यांच्या बोलीत बोलले. बरंच बोलले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. आमेन म्हणून त्यांनी डोळे पुसले, बैलांकडे पाहिलं आणि एकदम मिस्कील हसले.

"तठे भेटना तं त्यानी बी माफी मांगसू. शिंग मारी तं मारू दे. वाकडं शे, लागाव नही."

मी इतकी हसले की दोन्ही बैल दचकले.

त्या रविवारी आबा उंबऱ्यावर हजर होते. मी फळा उघडलाच नाही. म्हटलं, आज मी बोलणार नाही, तुम्ही विचारा. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. स्वर्गात चूल पेटवावी लागेल का? वाचता येत नाही त्याला देव कसा समजायचा? लग्न दोन वेळा झालं असेल तर तिकडे कुठल्या नवऱ्याजवळ बसायचं? यावर एक बाई म्हणाली, "एकबी जवळ नही!" आणि वर्ग पाच मिनिटं हसत राहिला. पण त्या हसण्यातूनच तिने नंतर नवऱ्याच्या माराचं जे सांगितलं, त्यावर आम्ही पुढचे दोन रविवार बोललो. क्षमा म्हणजे सहन करत राहणं नव्हे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते तिच्यासमोर, तिच्या भाषेत, ती विश्वास ठेवेल असं सांगायला मला फार विचार करावा लागला. वह्या काढून जुने धडे पुन्हा वाचले. पहिल्यांदाच ते मला कशासाठी तरी हवे होते.

ऑगस्ट संपत आला, पोळा तोंडावर आला आणि मंडळीत वाद निघाला. काही तरुणांचं म्हणणं, पोळा आपला नाही, बैल सजवायचे नाहीत. म्हाताऱ्यांना ते पटेना. शेवटी सगळे माझ्याकडे आले. आबांनी जावयाच्या ओळखीने नवा गोऱ्हा आणला होता आणि त्याच्यासाठी ते रंगीत दोर घेऊन बसले होते. मी एक दिवस मागितला, विचार केला आणि सांगितलं: बैलाची पूजा करायची नाही, कारण तो देव नाही. पण त्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे, त्याला न्हाऊ घालायचं, सजवायचं, आणि त्या दिवशी त्याला काम लावायचं नाही. तरुणांना हे पटलं, आबांना तर फारच पटलं.

पोळ्याच्या दिवशी दहा-बारा घरांचे बैल शिंगं रंगवून चर्चसमोर उभे केले. मी डोळे मिटून आभाराची प्रार्थना सुरू केली. मधेच ओढणीला हिसका बसला. आबांचा गोऱ्हा तिचं टोक चघळत होता. लोक डोळे मिटून हसू दाबत होते, ते मला ऐकू येत होतं. मी प्रार्थना तिथेच आटोपली. सगळ्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने आमेन म्हटलं.

सप्टेंबरात मी धुळ्याला आले, पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि आणखी एक वर्ष मागून घेतलं. त्या एकाची पुढे चार वर्षं झाली. त्या सप्टेंबरात परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मम्मीने बॅगेत शेव-चिवडा भरला, आणि पप्पांनी विचारलं, "तिथे काही पुस्तकं लागतील का गं? मी पोचवतो की. मलाही बघायचंय तुझं गाव."

पुढच्या महिन्यात ते खरंच आले. अक्कांच्या पडवीत खाटेवर बसून त्यांनी दोन दिवस आबांशी बैलांवर गप्पा मारल्या.