उकळलेला उकिरडा

आयुष्यात मी मनापासून अभिमान बाळगला तो एका खड्ड्याचा. लोक घरं बांधतात, विहिरी बांधतात. मी खड्डा खणून घेतला आणि त्यावर बेहद्द खूश राहिले.

वर्ध्याजवळच्या आंजीच्या पलीकडे एका गावात छोटा सरकारी दवाखाना होता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी वर्ध्याची, नागपूरला नर्सचं शिक्षण घेऊन नुकतीच तिथे लागले होते. पहिल्याच बाजाराच्या दिवशी एक कुत्रं आमच्या दवाखान्यातली रक्ताची पट्टी तोंडात धरून मिरचीवाल्यांच्या ओळीतून ऐटीत निघालं. बायका ओरडल्या, मी चप्पल उगारून त्याच्यामागे धावले, आणि नवी नर्सबाई कोण ते सगळ्या बाजाराला एका फेरीत कळलं.

दुसऱ्याच दिवशी मजूर लावून दवाखान्यामागे खोल खड्डा करून घेतला. वर पत्र्याचं झाकण, भोवती बाभळीचे काटे. पू-रक्ताने पार खराब झालेलं जे काही असेल ते तिथे जायचं, रॉकेल टाकून जळायचं, राखेवर चुना पडायचा. आमचे डॉक्टर लिहिण्याच्या बाबतीत भलते कडक. चिमटा हरवला तर एक वेळ चालेल, पण हरवल्याची नोंद हवी, असा त्यांचा खाक्या. वहीत खाडाखोड दिसली की त्यांचं जेवण बिघडायचं. खड्डा पाहून मात्र ते "छान" म्हणाले. हा शब्द ते फार जपून वापरत.

गावाने खड्ड्याचं नाव ठेवलं, सरकारी उकिरडा. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्या हिवाळ्यात एक सासू आपल्या सुनेला बैलगाडीत घालून बाळंतपणाला घेऊन आली. सुनेची आधीची लेकरं घरीच जन्मली होती आणि आठवडा-दहा दिवसांत गेली होती. जबडा बसायचा, अंग ताठ व्हायचं. विळ्याने नाळ कापून वर गोवरीची राख लावायचे; धनुर्वात व्हायला आणखी काय लागतं? मी उकळलेल्या कात्रीने नाळ कापली, स्वच्छ पट्टी बांधली. मुलगा झाला, चांगला टपोरा. आई मात्र त्याच्याकडे बघेना. दूध पाजतानाही तिची नजर भिंतीकडे. "तुझं पोरगं बघ तरी," म्हटलं तर तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. आपलं म्हटलं की ते जातं, अशी तिची खात्री झाली होती.

पाचवीच्या सकाळी म्हातारी माझ्यासमोर उभी. "नर्सबाई, त्या खड्ड्याचं झाकन काढून द्या. लेकराले त्याच्यात ठेवा लागते."

आमच्या भागात ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवतात. टाकून दिलेल्या वस्तूला कोण नजर लावणार? मग दुसरी एखादी बाई सूपभर कोंडा देऊन त्याला विकत घेते आणि त्याचं नावही उकिरड्यावरूनच पडतं. हे मला ठाऊक होतं. पण गावभरचे उकिरडे सोडून म्हातारीने माझा खड्डा निवडावा?

"तोच काऊन?" मी विचारलं.

"गावच्या उकिरड्यावर कोंबड्या तरी चरतात. तुमच्या खड्ड्यापाशी कुत्रंबी जात नाई. त्याहून टाकाऊ जागा कोठून आनाव?"

माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. तरीही माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की माझी शहरी भाषा पार पळून जाते. "माय, ज्या घाणीनं आधीची लेकरं नेली तेच घाण त्या खड्ड्यात हाये! त्याची बेंबी अजून ओली हाये, अन् तुमी त्याले तिथंच नेऊन राह्यल्या?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "अन् नाई ठेवलं, अन् गेला, तं?"

कात्री मी उकळली होती, पण तो जगेलच असं कोणत्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात अंगणातल्या दोरीकडे लक्ष गेलं. त्या काळी पट्ट्या एकदा वापरून फेकत नसत. धुऊन, उकळून, उन्हात वाळवून पुन्हा वापरत. दोरीवरच्या काही पट्ट्या इतक्या विरल्या होत्या की त्यांतून पलीकडचा कडुनिंब दिसत होता.

"उकिरडा मीच करून देते," मी म्हणाले आणि त्या पट्ट्या काढून तिच्यापुढे टाकल्या.

तिने एक उचलून हुंगली. "हे तं धुतलेलं हाये. याले वासबी नाई. हा कायचा उकिरडा?"

"सरकारनं टाकलं ते उकिरडाच."

"कोठं टाकलं? दोरीवर तं वाळून राह्यलं होतं. सरकारच्या वहीत लिहा, तं मानतो मी."

पट्ट्या घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ते हसतील किंवा हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी सामानाची वही काढली. एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली, 'विरलेल्या पट्ट्या, निकामी' असं लिहिलं, सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारी भलतीच खूश झाली. "आता त्याच्याच खाली लेकराचं लिहा. निकामी."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याचा जन्म जन्माच्या वहीत जाईल. देवीची लस टोचणारा ती वही बघूनच घरोघर येतो. खोटं लिहिलं तर तुमच्या दारात यायचा नाही."

देवीचं नाव निघताच म्हातारी नरमली. "मंग नाव उकिरड्याचं लिहा. अन् माय म्हनून हे नर्सबाई. कोंडा हेच देनार हाये."

"नाव तुम्ही सांगाल ते लिहितो. आई मात्र जिने जन्म दिला तीच."

"लिहा, लिहा," ती फणकारली. "पन तोंडानं कोनी बोलू नोका!"

दवाखान्याच्या ओसरीवर स्वच्छ पट्ट्यांचा ढीग घातला, वर कडुनिंबाचा पाला पसरला. बाळाला त्यावर ठेवलं, आणि ठेवताक्षणी त्याने सरकारच्या निकामी पट्ट्यांवर कारंजं उडवलं. बायका हसून लोटपोट झाल्या. उकिरडा त्याला पसंत पडला, असा म्हातारीने निकाल दिला. डॉक्टरांच्या गायीचा सूपभर कोंडा देऊन मी पोरगा विकत घेतला. इतका आनंदाचा सौदा मी पुन्हा कधी केला नाही.

नंतरचे दिवस मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. तो प्यायला तोंड उघडतो की नाही, एवढंच मी बघत बसायचे. त्याने मोठी जांभई दिली तरी मला गहिवरून यायचं. बेंबी सुकून गळाली, आधीची लेकरं गेली तो काळ मागे पडला, आणि हा पठ्ठ्या भुकेने दवाखाना डोक्यावर घेत होता.

एका दुपारी सासू विहिरीवर गेलेली पाहून आई हळूच माझ्याजवळ आली. "बाई, वहीत माह्यं नाव लिवलं म्हनते. कोठं हाये?"

मी पान उघडलं. तिला वाचता येत नव्हतं. तिचं बोट धरून मी तिच्या नावावर ठेवलं, मग शेजारी बाळाच्या नावावर. बोटाला हळद होती. ती कितीतरी वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग वळून तिने मुलाकडे पाहिलं, पहिल्यांदाच, अगदी पोटभर.

"मी काई बोलली नाई," ती कुजबुजली. "लिवलेलंच हाये."

संध्याकाळी डॉक्टरांनी वही उघडली. पिवळा डाग चांगला ओळभर पसरला होता.

"हे काय?"

"आईचं बोट," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा एकदा वाचली. "राहू द्या," ते म्हणाले. "नोंद बरोबर आहे."