चार किलोचा ठिपका

गार्गीचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "काका, बाबा गेले... मतलब, सकाळीच. झोपेतच." गार्गी मुकुंदरावांची मुलगी. जयपूरलाच वाढली, त्यामुळे तिचं मराठी हिंदीच्या काठाकाठानं चालतं. पण त्या दिवशी तिचं प्रत्येक वाक्य मला लख्ख समजलं. मी डबा बंद केला. शेजारच्या टेबलावरच्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, "माझे एक साहेब गेले." साहेब हा शब्द खोटा नव्हता, पण अपुरा होता. मुकुंदरावांच्या बाबतीत मी आणखीही एक अपुरी गोष्ट सांगितली होती आणि ती गेली सहा वर्षं माझ्या मनात काट्यासारखी सलत होती. ती आज लिहून टाकायची आहे.

मुकुंदराव सांगलीचे. आमच्या विमा कंपनीनं त्यांना जयपूरला आणलं आणि दोन वर्षांनी मलाही. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. घर इतकं सोवळं की अंड्यालाही उंबरठ्याच्या आत मज्जाव, आणि या माणसाला वेड मासे पकडण्याचं. पकडायचा, डोळे भरून बघायचा, सोडून द्यायचा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर हातदोरीला एक मोठं धूड लागलं होतं. त्यानं दोरी अशी खेचली की तळहात चिरला. तो व्रण ते कुणालाही दाखवत असत, अगदी पॉलिसी काढायला आलेल्यालाही. "मासा गेला, सही ठेवून गेला," असं म्हणत. त्यानंतर आयुष्यभर त्यांना तसाच एक मासा हवा होता. आणि बदली कुठं झाली, तर वाळवंटाच्या दारात. ऑफिसात आम्ही त्यांना चिडवायचो, "मुकुंदराव, इथं गळाला फार तर उंट लागेल."

चौपन्नाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सौम्य होता, पण डॉक्टरांनी जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, असं बजावलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आठ दिवसांनी मी प्रताप नगरच्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो, तर स्वारी कॉटवर कागदांच्या पसाऱ्यात बसलेली. गोपालपुऱ्याच्या एका सायबर कॅफेत, कोचिंग क्लासच्या पोरांच्या रांगेत बसून, त्यांनी रीलबद्दल, म्हणजे गळकाठीवर दोरा गुंडाळायच्या चक्राबद्दल, सापडेल ते सगळं छापून आणलं होतं. म्हणाले, "शिरीष, एकदाच. पहाडातल्या रामगंगा नदीवर महाशीर धरायचा. परवाना काढून, सोडून द्यायच्या अटीवर. त्यासाठी रील चुकून चालणार नाही."

महाशीर हा शिकारी मासा. छोटे मासे गिळतो आणि गळाला लावलेला, पाण्यात चमकणारा पितळी चमचाही मासा समजून तोंडात धरतो. एकदा धरला की उताराच्या दिशेनं असा सुटतो की त्याला थांबवणं शक्य नसतं. थकवायचं असतं. म्हणून रील निवडताना मुकुंदरावांनी हलक्या, सोप्या फिरकीच्या रीलवर फुली मारली. त्यांना आडव्या पिंपाची मल्टिप्लायर रील हवी होती, अडीचशे मीटर दोरा मावणारी, पोलादी दात्यांची. आणि मुख्य म्हणजे तिचा ड्रॅग लोण्यासारखा हवा. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की रील आपोआप दोरा सोडते. हे त्यांना कागदांनी शिकवलं नव्हतं, शेजारच्या शर्माजींच्या गच्चीनं शिकवलं होतं. संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरतं, तेव्हा चरखी धरून शर्माजी म्हणाले होते, "साहब, खींचना तो सबको आता है. ढील देना सीखिए." मुकुंदराव ते वाक्य वर्षभर जपून होते.

रील घ्यायला आम्ही दिल्लीच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी झगमगीत, अकरा बेअरिंगची रील पुढं केली. मुकुंदरावांनी दोऱ्याचं टोक मला दिलं आणि म्हणाले, "दाराकडे चालत जा. सावकाश." स्वतः डोळे मिटून उभे राहिले. मी चालू लागलो, तशी रील आधी अडली आणि मग झटका देऊन सुटली. "हाच तो झटका," ते म्हणाले. "दोरा इथंच तुटतो." ती बाजूला ठेवली. तिसरी रील साधी होती, काळपट, बाजूला बोटभर लांबीची दांडी असलेली. दांडी पुढं सरकवली की ड्रॅग घट्ट, मागं घेतली की सैल. मी दाराकडे चाललो आणि दोरा इतका अलगद सुटत राहिला की मी रस्त्यावर पोचलो तरी मला कळलं नाही. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, यह तो पुराना मॉडल है." मुकुंदराव म्हणाले, "हम भी."

घरी मुकुंदरावांच्या पत्नीनं, सुधावहिनींनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कणीक तिंबत होत्या आणि माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "भावजी, तुम्ही बरोबर असाल तर जाऊ देते. माझं ऐकणार नाहीत ते. पण त्या माशाच्या ओढीनं ह्यांचं काही बरं-वाईट झालं, तर मी कुणाकडं बघू? शब्द द्या मला." मी शब्द दिला. त्या क्षणी तो कसा पाळायचा, हे मला माहीत नव्हतं.

कसा, ते रामगंगेला निघण्याच्या आदल्या दिवशी कळलं. ड्रॅग लावायला दोन माणसं लागतात. एकानं गळकाठी तिरकी धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं दोऱ्याचं टोक रद्दीवाल्याकडं असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढायचं आणि रील दोरा सोडू लागली की आकडा वाचायचा. आमचा दोरा बारा किलोला तुटणारा, म्हणून ड्रॅग एक तृतीयांशावर, चार किलोला लावायचा, असा हिशेब. मुकुंदराव खोलीच्या एका टोकाला, मी गॅलरीत. ते दांडी थोडी थोडी पुढं सरकवत होते. "किती?" "दीड." "आता?" "दोन." गळकाठी वाकत होती आणि तिच्याबरोबर त्यांचा खांदाही. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. काटा अडीचवर आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता?"

मी म्हणालो, "चार."

एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वहिनींच्या लाल नेलपॉलिशची बाटली मागवली आणि दांडी थांबली होती त्याच जागी रीलवर एक ठिपका लावला. मग फुंकर मारून वाळवला. त्यांचा एक नियम होता. माशाशी झुंजताना दांडी ठिपक्याच्या पुढं न्यायची नाही. "त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं, शिरीष. जे ठरवायचं ते घरी, थंड डोक्यानं." थंड डोक्यानं मी काय ठरवलं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

रामगंगेवर दोन दिवस काहीच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचे गाइड बिष्टजी खडकावर बसून बिडी शिलगावत होते आणि मुकुंदराव गुडघाभर पाण्यात उभे होते. काठी एकदम वाकली. रील ओरडली. मासा खालच्या अंगाला, पाणी खडकांवर आपटतं तिकडं, सुटला होता. बिष्टजी बिडी टाकून पळत आले. "साहब, रोकिए! उधर गया तो गया!"

मुकुंदरावांनी अंगठ्यानं दांडी चाचपली. ती ठिपक्यावर होती. त्यांनी हात मागं घेतला. चेहरा घामानं भिजला होता आणि पार पांढरा पडला होता. माझ्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. डबी मुठीत इतकी आवळली होती की तिच्या कडेचा वळ उठला. दोरा जातच होता. पन्नास मीटर, शंभर... ते ओरडून म्हणाले, "शिरीष, चार किलोला असा पळतोय! केवढा असेल रे हा!"

मला सांगता आलं असतं. "दांडी पुढं घ्या, अजून जागा आहे," एवढं एक वाक्य. मासा तेव्हा अजून खडकांच्या अलीकडं होता. मी त्यांच्या मानेवरच्या शिरेकडं बघितलं आणि गप्प राहिलो. त्या अर्ध्या मिनिटाइतकी मोठी वेळ माझ्या आयुष्यात दुसरी नाही. मासा खडकांत शिरला. दोरा एकदा थरथरला आणि सैल पडला.

मुकुंदराव काठावर येऊन बसले. मी नाडी बघितली. जोरात होती, पण एका लयीत. बऱ्याच वेळानं त्यांनी दांडी पूर्ण मागं ओढली. ड्रॅगच्या चकत्यांवर दाब राहू नये म्हणून ते नेहमीच तसं करत. त्याला ते रीलला झोपवणं म्हणत. मग म्हणाले, "असू दे. मोठा होता."

पुढं हीच त्यांची गोष्ट झाली. चार किलोला न थांबलेला मासा. ऑफिसात, लग्नकार्यात, सिव्हिल लाइन्समध्ये मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरच्या चहापानात... मी शेजारी असलो की ते म्हणायचे, "विचारा याला, काटा यानंच वाचला होता." आणि मी मान डोलवायचो. प्रत्येक वेळी मला चोरासारखं वाटायचं. एका माणसाचा आयुष्यभराचा मासा मी पळवला होता आणि वर साक्षीदार म्हणून मिरवत होतो.

वर्षभरात माझी पुण्याला बदली झाली. मुकुंदराव निवृत्त होऊन जयपूरलाच राहिले, गार्गीजवळ. परवाने काढून कधी धरणावर, कधी पुन्हा रामगंगेवर जात. मागल्या हिवाळ्यात आमची शेवटची भेट झाली. माझ्या बायकोनं मुद्दाम ती गोष्ट विचारली. त्यांनी सांगितली, पण या वेळी किलोंचा उल्लेखच आला नाही. शेवटी म्हणाले, "केवढा होता कुणास ठाऊक. पण शिरीष बरोबर होता, हे बरं झालं." मला वाटलं, वय झालं, तपशील विसरत चालले आहेत.

तेराव्यानंतर मी जयपूरला गेलो. वहिनींनी कपाटातून रील काढून माझ्यापुढं ठेवली. "तुमच्याकडंच राहू दे, असं म्हणाले होते." दांडी पूर्ण मागं होती, झोपवलेली. पण रीलच्या अंगावर एकाऐवजी दोन ठिपके होते. दुसरा पहिल्याच्या बोटभर पुढं.

मी काही विचारायच्या आत वहिनीच बोलल्या. "तुम्ही गेल्यावर काटा मी धरायला लागले. पहिल्याच वेळी आकडा वाचला. अडीच. म्हणाले, नीट बघ. मी परत बघितलं. अडीचच. मग खाली बसले. मी सांगितलं त्यांना, भावजींकडून शब्द मी घेतला होता म्हणून."

"काय म्हणाले?"

"नेलपॉलिश मागितलं. खऱ्या चारवर दुसरा ठिपका लावला."

मला वहिनींच्या डोळ्याला डोळा देता येईना. "मग पुढं त्याच ठिपक्यावर खेळले असतील," मी कसंबसं म्हणालो.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मी रील खिडकीशी, उजेडात नेली. पुढचा ठिपका, खरा चारचा, काल लावल्यासारखा चकचकीत होता. मागचा, माझा, दांडीच्या घासण्यानं आणि अंगठ्यानं इतका झिजला होता की मधून रीलचा काळा धातू दिसत होता. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, सगळं ठाऊक असताना ते दांडी तिथंच आणून थांबवत होते.

आतून कपांचा आवाज येत होता. मी दांडी माझ्या ठिपक्यापर्यंत नेली, अंगठा क्षणभर तिथं ठेवला आणि मग ती पूर्ण मागं ओढली.