डिअर सायखेडा

काही ऑफिसांतून माणूस अनुभवाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतो. आम्ही किस्से घेऊन पडलो. जुन्या स्टाफपैकी कोणी भेटलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

नाशिकला कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. २००२-०३ चा काळ. दुकानदारांच्या जाहिराती ई-मेलने लोकांना पाठवायच्या, हेच काम. मी लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरवरच्या दोन टेक्स्ट फाइल्स वाचायचा. एकीत पत्र, दुसरीत नावं आणि पत्ते. प्रत्येक पत्रात नाव घालून मेल आपोआप सुटायचे. फाइल्स टाइप करायच्या सुनंदा मॅडम.

मालक कुलथे सर. व्हिजिटिंग कार्डावर ‘ई-मेल तज्ज्ञ’! स्वतःला आलेले मेल मात्र प्रिंट काढून वाचायचे, आणि त्याच कागदावर पेनाने उत्तर लिहून मॅडमकडे द्यायचे.

*

एकदा सरांना जाहिरातीत लाल अक्षरं हवी होती. त्यांनी वर्डमध्ये पत्र लाल केलं, टेक्स्ट फाइल म्हणून सेव्ह केलं. रंग गेला.

“तुझ्या प्रोग्रामने रंग खाल्ला!”

“सर, टेक्स्ट फाइलमध्ये रंग राहतच नाही.”

सरांनी दोन मिनिटं विचार केला आणि पत्राच्या वर टाइप करायला लावलं, ‘प्लीज रीड धिस इन रेड कलर.’

गेलं तसंच!

*

मग येवल्याच्या पैठणीवाल्यांचं काम आलं. यादी गाववार दिसली पाहिजे म्हणून सरांनी आम्हाला न विचारता प्रत्येक ओळीत नावाआधी गाव आणून ठेवलं. प्रोग्राम बिचारा पहिला शब्द उचलायचा. ‘डिअर हरसूल’, ‘डिअर सायखेडा’ असे मेल सुटले. खाली मजकूर, ‘तुमच्या मिसेसना पैठणी भेट द्या.’

गोदावरीकाठच्या सायखेडा गावातल्या एका मास्तरांचं उत्तर आलं. “सायखेड्याला मिसेस नाहीत. गोदावरीला विचारून कळवतो.”

सर टेबलावर हात आपटून म्हणाले, “लीड आली! गिऱ्हाईक मिळालं! फॉलोअप घ्या!”

*

‘आम्हाला मेल पाठवू नका’ असं कळवणाऱ्यांची मॅडमनी वेगळी फाइल केली होती. ‘नको’ नावाची. ती सरांना सापडली.

“हे लोक उत्तर देतात, म्हणजे मेल वाचतात! यांना दोनदा पाठवा.”

“सर, ते चिडलेत,” मॅडम म्हणाल्या.

“चिडलेला कस्टमर जागा असतो!”

त्या आठवड्यात फोनवर मी ज्या शिव्या ऐकल्या, त्या मला आजही घरात बोलता येत नाहीत. सर केबिनचं दार लावून बसले होते.

*

पुढे मी प्रोग्राम सुधारला. ठरलेल्या फोल्डरमध्ये पत्राची फाइल टाकली की सकाळी अकराला ती सगळ्या यादीला आपोआप जायची.

मॅडमची रजा सरांनी तिसऱ्यांदा नाकारली. बहिणीचं लग्न होतं. जागेवर जाऊन मॅडमनी सरळ साध्या इंग्रजीत राजीनामा टाइप केला. ‘सरांना कॉम्प्युटर चालू करता येतो. बंद करायला ते मला बोलावतात,’ इथून सुरुवात. पुढे पानभर.

तीन वर्षांत मॅडमची एक फाइल कधी इकडची तिकडे झाली नव्हती. त्या दिवशी राजीनामा नेमका त्या फोल्डरमध्ये गेला.

अकरा वाजले. साडेअकरापासून उत्तरं यायला लागली. ‘शाब्बास!’ ‘आमचाही मालक असाच आहे!’ दोघांनी तर मॅडमना नोकरी देऊ केली. मी धावत मॅडमच्या टेबलाशी गेलो.

“चुकून झालं,” मॅडम म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

सरांनी सगळ्या उत्तरांचे प्रिंट काढायला लावले. गठ्ठा हातात घेऊन ते बाहेर आले, तेव्हा चेहरा फुलला होता.

“आजवर एकाही कॅम्पेनला एवढा रिस्पॉन्स नाही! मॅडम, इथून पुढे पत्रं तुम्हीच लिहायची!”

मॅडमनी शांतपणे विचारलं, “सर, पण राजीनाम्याचं काय?”

“तो तर सोमवारी परत पाठवा! ‘नको’वाल्यांना दोनदा!”