दोन खाचरांमधला बांध

मला लिहिता येत नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणाऱ्यांच्या ओळीत बसायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेही ठाऊक नाही. चुकलं तर माफ करा. पण हे दुसरं कुणी लिहिणार नाही. वर्गात साठ जण होते आणि बहुतेक सगळे हसत होते.

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली. मी दुमडली.

"आता वाक. दाखव सगळ्यांना, भाताची आवणी कशी करतात ते."

फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्यावर मी वाकलो. हातात काही नव्हतं. तरी डाव्या हाताची बोटं रोपांची जुडी धरल्यासारखी वळली. उजवा हात खाली गेला. एक रोप. दुसरं. मागं सरकत तिसरं. अंगाला खोटं करता येईना.

"चिखल उडवू नको रे!" मागच्या बाकावरून आवाज आला. सर चष्मा पुसत हसले.

माझा गुन्हा सांगतो.

फिजिक्सचा तास होता. सरांनी फळ्यावर विजेची जोडणी काढली. वीज वरून दोन वाटांनी खाली उतरते. एका वाटेवर आधी दोन आणि मग चार ओहमचा रोध. दुसरीवर आधी तीन, मग सहा. दोन्ही वाटांच्या मधे एक आडवी तार. त्या तारेतून किती वीज जाईल?

मुलं समीकरणं मांडू लागली. मला समीकरण दिसेना. मला मुठा खोऱ्यातला आमच्या गावचा उतार दिसला. पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भातखाचरं. वरच्या खाचरातलं पाणी डावीकडच्या खाचरात येतं, उजवीकडच्यातही येतं. दोघांच्या मधे बांध. लहानपणी खेळताना मी तो बांध फोडला होता. आई हात उगारून धावत आली आणि थांबली. पाणी हललंच नव्हतं. दोन्हीकडं पातळी एकच.

फळ्यावरही तेच होतं. आडव्या तारेपाशी येईपर्यंत दोन्ही वाटांवर उताराचा तिसरा हिस्सा संपत होता. पातळी एकच. मी वहीत दोन खाचरं काढली, मधला बांध फोडलेला दाखवला आणि खाली लिहिलं, शून्य.

उत्तर बरोबर होतं. ते सरांनी वर्गाला सांगितलंच नाही. वही उंच धरून म्हणाले, "ही सवलतीवर आलेली डोकी! हे फिजिक्स आहे. तुझ्या आईचं शेत नव्हे."

शेत आईचं नव्हतंच. पाटलांचं होतं. ती त्यात वाकायची, एवढंच.

त्या दिवसापासून सर मला "या, आवणीवाले" म्हणून पुढं बोलवायचे. मी तीनदा वाकलो. हे लपवत नाही.

चौथ्यांदा उभा राहिलो, पण पँटीला हात लावला नाही.

"काय रे, पाय गळाले?"

"सर, मी वाकणार नाही. माझं उत्तर चुकलं असेल तर फळ्यावर दाखवा."

सर फळ्याकडे वळले नाहीत. वर्ष संपताना त्यांनी माझं प्रात्यक्षिकांचं जर्नल अडवलं. त्यावर सही नसली की परीक्षेला बसता येत नाही. "पहिल्या पानावर लिही," ते म्हणाले, "मी चुकीची आकृती काढून वर्गाचा वेळ घालवला. मग सही."

रविवारी एसटीनं गावी गेलो. घरात सांगितलं.

बाप म्हणाला, "लिवून टाक की. एका वळीनं काय व्हतंय? वरीस जाईल तुजं."

आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "पानी हललं व्हतं का?"

"न्हाई."

"मग काय लिवायचं? हललं म्हनून?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" बाप तिच्यावर खेकसला.

"पान्यातलं मला न्हाई कळत, तर कुनाला कळतंय हितं?"

मी लिहिलं नाही. वर्ष गेलं. त्या पावसाळ्यात आईच्या शेजारी पाटलांच्या खाचरात आवणीला उभा राहिलो. पाटील बांधावरून ओरडले, "काय कालिजवाले! आलास ना शेवटी चिकलात?" बाया हसल्या. आई हसली नाही. मीही मान खाली घातली नाही.

दिवाळीनंतरच्या सत्राला कॉलेजात परत नाव घातलं; तास येत्या सोमवारपासून. नवं जर्नल घेतलं. सही त्याच सरांची लागणार होती. पहिलं पान कोरं ठेवलं होतं. तिथं काही काढायला हात धजत नव्हता.

परवा गावी कार्ड आलं. बाकावर माझ्या शेजारी बसायचा त्या मुलाचं. तोही तेव्हा हसला होता. त्यानं लिहिलंय, "सर आता नव्या वर्गाला तो प्रश्न चित्रानं शिकवतात. पाण्याच्या दोन टाक्या काढतात, मधे नळी. पाणी हलत नाही, म्हणून शून्य. ही युक्ती स्वतःचीच, असं सांगतात. पोरं खूश आहेत. तुला कळावं म्हणून लिहिलं."

टाक्या. चिखल धुऊन काढलेला.

कार्ड खाली ठेवलं आणि पहिल्या पानावर खाचरं काढली. फुटलेल्या बांधावर आई काढली. ताठ उभी. सोमवारी हे पान सरांपुढं ठेवणार आहे. सही याच पानाच्या तळाशी घेईन. नाही दिली, तर पुढल्या वर्षी पुन्हा हेच पान.