तुळजाबाईचा पाय आणि घरची हळद

तुळजाबाई ही माझी धाकटी जाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत तिच्या हळदीस मोठा मान होता. परसातली हळद ती स्वतः खणून, उकडून, वाळवून उखळात कुटत असे. खोकला झाला की तिची हळद-गुळाची गोळी, मुका मार लागला की तिचा गरम लेप, पोट दुखले की तिचा ओवा. दारी आलेल्या कोणालाही तिने परत पाठविले नाही. तिच्या औषधाचा गुण मी नाकारीत नाही. तरीही सत्त्याण्णव साली जे घडले, त्याचा मला आजही संताप येतो. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरे मी म्हणूनच या कामी लावीत आहे.

त्या वर्षी आषाढात तिचा नवरा सयाजी याच्या बोटाला कोयता लागला. तत्काळ जीप आली, महाडला टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. ते योग्यच होते. श्रावणात गोठ्यातला गंजका खिळा तुळजाबाईच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसला. मलाही सुई टोचून आणा, असे तिने सांगितले. सयाजी हसला.

"तू गावाची डाक्तरीण गो. तुला कशाला डाक्तर? हळद भर."

तिने हळद भरली. वर पिवळी खपली धरली, म्हणून सर्वांनी जखम सुकली असे मानले. आत पू साठत होता. पाय घोट्यापर्यंत सुजला, अंगात ताप चढला, तरी ती लंगडत भाकऱ्या थापीत होती. मी दिराला दोनदा बजावले. बाईमाणसाला हळद पुरते, वहिनी, असे त्याचे उत्तर. बाईमाणसाचे रक्त काय निराळे असते?

त्याच सुमारास परदेशात कोणी जखमेवरच्या हळदीच्या वापरावर मिळविलेला हक्क, म्हणजे पेटंट, रद्द झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. सयाजीने ती देवळापुढे मोठ्याने वाचली. आपल्या आयाबायांचे ज्ञान जगाला मानावे लागले, असे तो अभिमानाने सांगू लागला आणि पुरुषमंडळी माना डोलवू लागली. त्याची बायको त्या वेळी घरात तापाने फणफणत होती. मी त्या पुरुषांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"भावोजी, पेपर ठेवा नि जीप बोलवा. नायतर मी तिला डोलीत घालून नेते."

बायकोच्या काळजीने नव्हे, चारचौघांतल्या लाजेने जीप आली.

महाडच्या डॉक्टरांना अंगठा कापावा लागला. पाय वाचला. साध्या खरचटण्यावर स्वच्छ हळद चालेल, परंतु खोल जखम धुवावी लागते, इंजेक्शन घ्यावे लागते. वरून हळद भरली की घाण आत कोंडते, असे त्यांनी समजाविले. सयाजीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, पट्टीखाली थोडी घरची हळद लावू काय?

खाटेवरून तुळजाबाई म्हणाली, "ती आता तुमच्या तोंडाला फासा."

परिचारिका हसली. मला हसू आले नाही. मी तुळजाबाईच्या पायाकडे पाहत होते.